कालिंदीच्या मशीनचे रंग

३ नोव्हेंबर, सोमवार

चढली एकदाची! नवी सिस्टीम बायकोच्या, म्हणजे कालिंदीच्या कॉम्प्युटरवर चढली. पहाटेपासून बसलो होतो. आमच्या टायपिंग क्लासच्या पोरी येईपर्यंत मशीन तीनचारदा बंद पडली, आपोआप चालू झाली, मधेच सगळी निळी झाली — मला वाटलं मेली. पण आली. ही सिस्टीम अजून बाजारात नाही. कंपनी आधी हौशी लोकांना चाचणीला देते, त्यांत मी नाव घातलंय. आमच्या डोंगरकडा गावात माझ्याशिवाय कुणाकडे असेल असं वाटत नाही!

सूचनेतली पहिलीच ओळ — रोजच्या कामाच्या मशीनवर ही टाकू नका. मी टाकली. बाकीच्या मशीन पोरापोरींच्या टायपिंगला लागतात. आणि हे सगळं करतोय कालिंदीसाठी, मग तिच्या मशीनवर नको तर काय शेजारी उत्तमरावाच्या खताच्या दुकानात टाकू?

कमी दिसणाऱ्यांसाठी हिच्यात नव्या सोयी आहेत. अक्षर मोठं होतं, रंग उलटे होतात, बाण पाहिजे तेवढा फुगतो. मला तेच पाहिजे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

करार इथं लिहून ठेवतो, पुढं वाद नको.

नांदेडच्या डॉक्टरांनी दिवाळीआधी सांगितलं — साखरेनं डाव्या डोळ्याचं काम जवळजवळ संपवलंय. उजवा वाचेल, पण त्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. अंधुक दिसणं वाढलं तर लगेच निघून या, उशीर केला तर माझ्या हातात काही राहणार नाही. एवढं स्वच्छ बोलले. कालिंदी तिथंच उठून उभी राहिली. "डोळ्यात सुई? जीव गेला तरी न्हाई!" आणि सरळ एसटी स्टँडकडे चालू लागली.

मग घरी करार झाला. संपदा — आमची एकुलती एक, लातूरला दिलेली — फोनवर साक्षीला. दर सोमवारी कालिंदीनं तिच्या मशीनवरचा एक उतारा मला वाचून दाखवायचा. वाचता आला तर नांदेडचं नाव काढायचं नाही. ज्या सोमवारी अडखळेल त्या दिवशी गाडीत बसायचं, कुरकुर करायची नाही. ती "व्हय" म्हणाली. मी पण म्हणालो.

काल पहिला सोमवार. पावसाचा उतारा घेतला. दोनदा थांबली, एक ओळ गाळली. म्हणालो, कालिंदी, हे अडखळणं झालं. तर म्हणते, "मशीनवरचं अक्षरच मेलं मुंगीएवढं, त्याला मी काय करू?"

तिचंही खोटं नाही. डोळा तपासायचा तर अक्षर तरी धड पाहिजे. कालचा सोमवार धरायचा नाही असं ठरलं. आधी मशीन नीट करतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी क्लास सुटल्यावर रंगांना हात घातला. मागची जमीन काळी, अक्षर पिवळं. खिडक्यांच्या कडा पांढऱ्या. बाण एवढा मोठा केला की पडद्यावर पपई ठेवल्यासारखा वाटतो. उत्तमराव चहाला आला होता. बघून म्हणाला, "सर, ही तर रसवंतीची पाटी झाली!" हसू दे. त्याला खताच्या पोत्यावरचं पण चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

फक्त खालच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आहे — चाचणी प्रत म्हणून. काही केल्या जाईना. काळ्या रंगावर तो पांढरा शिक्का नुसता डोळ्यात खुपतो. अख्खी दुपार त्याच्यात गेली. जाईना म्हणजे जाईना! तिच्यायला, मशीन आमची, वीज आमची, आणि कोपऱ्यात नाव यांचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिव्या खाल्ल्या. या सिस्टीममध्ये सुरू करायचं बटण मधोमध येतं. मला वाटलं मधोमधच बरं, शोधावं लागत नाही. आयकॉन पण ओळीनं छान मांडले — क्लासचे वरती, घरचे खाली. कालिंदी येऊन बसली, डाव्या कोपऱ्यात बाण नेला, खट्. काहीच नाही. परत खट्. मग भडकलीच. "जिथलं तिथं ठेवा! रंग काय करायचा तो करा, जागा काहून बदलून राहिले?"

सगळं परत जुन्या जागी आणलं. बटण डावीकडे. आयकॉन जिथले तिथं. एवढ्या मेहनतीला कुणी बराबर म्हणेल तर शपथ.

१० नोव्हेंबर, सोमवार

वाचलं! रेल्वेचा उतारा. मी मांडला, सवयीनं आवाज दिला — "चला, रेल्वेचा!" — आणि हिनं खुर्चीत ताठ बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एकदाच "मालवाहतूक" शब्दावर रेंगाळली, तो शब्द पोरंही चुकतात. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली असेल.

"आता कसं झकास दिसून राहिलं," म्हणाली. "आधीच केलं असतं तर नांदेडची वारी वाचली असती."

मी लगेच संपदाला फोन लावला. वाटलं पोरगी खूश होईल. ती म्हणते, "बाबा, तुमी अक्षर मोठं करून राहिले की आईचा डोळा बरा करून राहिले?" मला राग आला. लेकरं शिकली की बापाला शिकवतात. करार वाचायचा होता, तिनं वाचला, विषय संपला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घोळ. मेनूतली अक्षरं पण जाड मराठी करावीत म्हणून सिस्टीमच्या पोटात हात घातला, तर सगळीकडे अक्षरांऐवजी चौकोन! फाइल म्हणजे चौकोन, छापा म्हणजे चौकोन, बंद करा म्हणजे पण चौकोन. बंद कुठून करावं हेच कळेना. शेवटी वायर उपसली. पूर्वी मी टाइपरायटर दुरुस्त करायचो, तेव्हा एक खिळा तुटला तर एकच अक्षर जायचं. इथं सगळीच गेली.

दिवसभर कालिंदीनं मशीनशिवाय क्लास घेतला. तोंडानं उतारे सांगितले. एक शब्द इकडचा तिकडं नाही. वीस-बावीस वर्षं तेच उतारे, पाठ नसतील तर नवल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकोन गेले. आधीची अक्षरं परत आणली. वरून आणखी एक सोय सापडली — बाण जिथं जाईल तिथली ओळ आपोआप भिंगासारखी मोठी होते. चालू करून दिली. कालिंदी म्हणाली, "लई चांगलं." अर्धं लक्ष भाजीत होतं तिचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हवामानाचा उतारा. एकदाही अडखळली नाही. एकदाही!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवकन्या नावाची पोरगी आहे क्लासला, येळेगावाकडून येते. हात चांगला आहे, परीक्षेत निघेल. आज मला दारात गाठून म्हणाली, "सर, मॅडम आता पडद्याकडं बघतच न्हाईत. नुसत्या मागं उभ्या राहतात आन् म्हणतात, तिसऱ्या शब्दात दोन बोटं घसरली. बराबर तिथंच चूक असते. कसं काय वळखतात?"

सांगितलं तिला, याला म्हणतात टायपिंगवाली! बटणाच्या आवाजावरून चूक धरणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी दाखव. पोरगी बघतच राहिली. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी कालिंदीला सांगितलं, तर ती नुसतं "हं" म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शिक्षणाचा उतारा. वाचला. मशीनचा रंग थोडा बदलला होता — निव्वळ पिवळ्याऐवजी हळदीच्या अंगानं जाणारा. तिला म्हणालो, फरक कळला का? म्हणाली, "कळला की. हा जास्त गार वाटतो डोळ्याला." हेच ऐकायचं होतं! मी दोन तास त्या एका छटेवर घालवले होते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी चहा खारट. चूक माझी — काल ओटा पुसताना मिठाचा डबा साखरेच्या जागी गेला. कालिंदी एवढी चिडली की आवाज उत्तमरावाच्या दुकानापर्यंत गेला असेल. "माझ्या सैपाकघरात कशाला बी हात लावू नका! जिथलं तिथं, जिथलं तिथं, कितीदा सांगू?" बोलता बोलता रडायलाच लागली. एका डब्यासाठी!

बायकांना जागेचं वेड असतं. मी गुपचूप डबे होते तसे लावले. दोन्ही डबे एकसारखे आहेत, चिठ्ठ्या चिकटवून देतो म्हणालो. "चिठ्ठ्या नको," म्हणाली. बरं बाई, नको.

१ डिसेंबर, सोमवार

सहकाराचा घ्यायचा होता, पण तो लांब आहे आणि आज क्लासला गर्दी होती. म्हणून झाडांचा घेतला. वाचला.

रात्री संपदाचा फोन. म्हणाली, बाबा, मशीन सोडा, आईला पेपर वाचायला द्या. म्हणालो करारात पेपर नाही. म्हणाली, "करार काय कोर्टातला हाये का? मी तुमच्या पाया पडते, देऊन तर बघा."

३ डिसेंबर, बुधवार

दिला पेपर. हातात घेतला, उघडला, पानं उलटली, उंबऱ्यापाशी उजेडात जाऊन उभी राहिली. मग घडी घालून ठेवून दिला. "आजकाल शाईच फिकी मारून राहिले हे लोक. काही उठतच न्हाई."

खोटं कशाला बोलू, मलाही पेपर फिका वाटतो. संपदाला तसंच कळवलं. तिनं फोन ठेवून दिला. एवढं तडकायला काय झालं?

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. संध्याकाळी देवळात जन्माला दरवर्षी कालिंदी पुढं असते, पाळण्याची दोरी हिच्या हातात असते. आज म्हणाली, गर्दी फार असते, तुमीच जाऊन या. जाऊन आलो. चारजणींनी विचारलं, मॅडम काहून आल्या न्हाईत? सांगितलं, गुडघा दुखतो. का सांगितलं कुणास ठाऊक. तिचा गुडघा दुखत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

कंपनीला अभिप्राय पाठवला! चाचणीवाल्यांकडून ते मागवतात. इंग्रजीत लिहिलं, दोनदा तपासलं. लिहिलं की माझ्या पत्नीस दृष्टिदोष असून आपल्या नव्या सिस्टीमच्या रंगयोजनेमुळे त्या आता सर्व मजकूर विनासायास वाचतात. कोपऱ्यातल्या शिक्क्याबद्दल मात्र दोन खरमरीत ओळी घातल्या. लगेच उत्तर आलं, धन्यवाद म्हणून. मशीननंच दिलं असणार, तरी बरं वाटलं.

८ डिसेंबर, सोमवार

बँकेचा उतारा. वाचला. आता मला उतारा मांडायलाही वेळ लागत नाही आणि तिला वाचायलाही. चहा निवायच्या आत सोमवार उरकतो.

११ डिसेंबर, गुरुवार

संपदा न सांगता आली. जावयांना सुट्टी नाही, एकटीच एसटीनं आली. दारात उभी राहिली, काही बोलली नाही. कालिंदी ओट्याशी होती. वळून म्हणाली, "शिवकन्या, क्लासला उशीर हाये अजून. बस बाहेर."

संपदाचं तोंड पडलं. मी म्हणालो, अगं, दारात उन्हाची तिरीप होती, उजेडाच्या आड कुणालाही कळत नाही. आणि दोघी अंगानं सारख्याच. संपदा आत गेली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. कालिंदी म्हणत होती, "काय गं माय, सासरी काही तकलीफ हाये का?"

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज घरात मोठं भांडण झालं. लिहितो, कारण कुणाची बाजू खरी ते मलाही कळत नाही.

संपदा म्हणाली, आजच नांदेडला चला. नुसतं दाखवू, सुई नको म्हणू. कालिंदी म्हणाली, "गेलं की ते सोडत न्हाईत." संपदा म्हणाली, "आई, तुला दिसत न्हाई." कालिंदी म्हणाली, "दर सोमवारी वाचते, इचार तुझ्या बाबाला." दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, वाचते. खरंच वाचते, मी समोर असतो.

मग कालिंदी जे बोलली ते पहिल्यांदाच बोलली. "त्या टेबलावर बसते म्हणून मला मॅडम म्हणतात. चौकात भेटलेली पोरं, आता नोकरीला लागलेली पोरं वाकून नमस्कार करतात. एकदा कळलं की हिला दिसत न्हाई, तर कोण आपलं लेकरू पाठवील? मग मी काय करू, अंगणात खाटेवर बसून राहू? सुईची भीती हायेच. त्याच्यापेक्षा याची जास्त हाये." एवढं बोलून पदर तोंडाला लावला.

मी संपदाला म्हणालो, पोरी, तू लातूरला जा. तुझ्या आईला मी बघतो. करार आहे तो आहे. अडखळली की मी स्वतः उचलून नेईन, पण वाचत असताना तिला टेबलावरून उठवणार नाही. संपदानं बॅग उचलली. जाताना पाया पडली, पण माझ्याकडे बघितलं नाही. उत्तमराव तिला स्टँडवर सोडून आला.

कालिंदीनं संध्याकाळी माझ्या आवडीची वरणफळं केली. नेहमीसारखीच झाली होती.

१४ डिसेंबर, रविवार

नवीन रंगांचा सेट तयार केला. काळं आणखी गडद केलं, पिवळं आणखी उजळ, ओळींमधली जागा वाढवली. शिक्का पण झाकला — त्याच्यावर काळी पट्टी आणून बसवली, आता शोधूनही दिसत नाही! सव्वा महिना लागला या शिक्क्याला. आजवरचं सगळ्यात देखणं काम. कालिंदीला म्हणालो, उद्या सहकाराचा उतारा घेऊ, सगळ्यात लांब. बघ कसा दिसतो ते! म्हणाली, "घ्या की."

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी मशीन लावली तर रात्रीतून अपडेट येऊन बसलेलं. माझं काही उरलेलं नाही. पांढराफटक पडदा, मधोमध कंपनीचं स्वागत, खाली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. उतारा उघडलेलाच नव्हता. मी शिवी घालणार तेवढ्यात कालिंदी येऊन बसली, पदर सारखा केला आणि सहकाराचा उतारा वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मग म्हणाली, "आज लई उजळ केलं तुमी. पिवळं अक्षर कसं ठसठशीत दिसून राहिलं! आता बदलू नका बरं."

न्हाई बदलत, म्हणालो. बाहेर आलो आणि उत्तमरावाला म्हणालो, दुकान बंद कर, गाडी काढ, नांदेडला जायचंय.